शिक्का लँकेस्टरचा, टेबल सिंगापूरचे

सिंगापुरात जुन्या फर्निचरची दुकाने दोन ठिकाणी एकगठ्ठा सापडतात. एक म्हणजे डेम्प्सी टेकडीवरच्या, पूर्वी टँगलिनची लष्करी बराक असलेल्या बैठ्या इमारती आणि दुसरी औटरम रोडवरची टॅन बून लियाट इमारत. अशा दुकानातल्या एखाद्या लांबलचक, तांबूस-काळपट जेवणाच्या टेबलाला चिठ्ठी अडकवलेली असेल, तर तिच्यावर साधारण तीन विधाने असतात : हे इंग्लिश आहे, महोगनीचे आहे आणि अमुक राजाच्या किंवा राणीच्या काळातले आहे. कधी चौथेही असते, कारखान्याचे नाव. गिऱ्हाईक चारही विधाने एका दमात वाचते. त्यांचे पुरावे मात्र चार वेगवेगळ्या जागी आहेत आणि सारख्या वजनाचे नाहीत. ते एकेक करून तपासायचे, तर सुरुवात लँकेस्टरपासून करावी लागते.

लँकेस्टर हे वायव्य इंग्लंडमधले, लून नदीवरचे बंदर. रॉबर्ट गिलो नावाचा सुतार १७२८ मध्ये या गावाचा ‘फ्रीमन’ झाला, म्हणजे गावात स्वतःच्या नावाने धंदा करण्याचा हक्क त्याला मिळाला. त्याच्या कारखान्याचे नाव पुढे सुमारे पावणेदोनशे वर्षे स्वतंत्रपणे चालत राहिले आणि मग वेअरिंग या दुसऱ्या नावाला जोडले गेले. मुलगा रिचर्ड इमारतींचे आराखडेही करी; लँकेस्टरची १७६४ची जकातकचेरी त्याचीच. १७७०च्या सुमारास गिलोंनी लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दुकान थाटले, पण लाकडाचा भुसा पडत राहिला तो मुख्यतः लँकेस्टरमध्ये. त्या काळात चांगले काम करणारे कारखाने इंग्लंडात पुष्कळ होते. गिलोंचे वेगळेपण असे की त्यांनी कागद फेकून दिले नाहीत. पत्रवह्या, रोजकीर्दी, खतावण्या, आवक-जावकीच्या नोंदी असा त्यांचा मोठा संग्रह आज वेस्टमिन्स्टरच्या नगर अभिलेखागारात आहे. सुसान स्टुअर्ट यांनी त्या ढिगाऱ्यातून वाट काढत १७३० ते १८४० या काळातल्या गिलो कारखान्याचा दोन खंडांतला इतिहास लिहिला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे ‘हे टेबल गिलोंचे’ असे कोणी म्हटले, तर ते विधान तपासायला निदान जागा तरी आहे.

या संग्रहातला सगळ्यात बोलका भाग म्हणजे १७८४ पासूनच्या सचित्र अंदाजवह्या. नावावरून वाटते तितक्या त्या रूक्ष नाहीत. पानावर वस्तूचे छोटे, रेखीव चित्र असते. त्याच्याजवळ हिशेब : कोणते लाकूड किती फूट, दर काय, सरस, स्क्रू, पितळी सामान, पायांची चाके, मजुरी आणि एकूण बेरीज. आणि पुष्कळदा त्या बेरजेच्या आसपास, काही विशेष सांगतोय असा आव न आणता, ती वस्तू ज्याने प्रत्यक्ष बनवली त्या कारागिराचे नाव. दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या टेबलाचा सुतार नावानिशी सापडावा, ही इतिहासाच्या अभ्यासकाला रोज मिळणारी गोष्ट नव्हे. राजवाड्यांच्या बाबतीतही ती सहसा मिळत नाही.

वह्यांची ताकद किती, याचे एक उदाहरण टेबलाच्या जवळचेच आहे. उतरत्या झाकणाचे एक छोटे लिखाणाचे मेज इंग्रजीत ‘डॅव्हनपोर्ट’ या नावाने ओळखले जाते. हे नाव आले कुठून, याचा माग गिलोंच्या नोंदींपर्यंत लागतो. १७९०च्या दशकाच्या अखेरीस तिथे कॅप्टन डॅव्हनपोर्ट नावाच्या गिऱ्हाइकासाठी केलेल्या मेजाची नोंद आहे. एवढीच ओळ. हा कॅप्टन कोण, त्याने मेजाची कल्पना स्वतः सांगितली की कारखान्याने सुचवली, हे ओळ सांगत नाही. नोंद पक्की आहे. नोंदीवरून ‘कॅप्टनसाहेबांनी हे मेज शोधून काढले’ असे म्हणणे, हा पुढच्यांनी चढवलेला मजला. दोन्हींमधले अंतर राखले की साधार लेखनाचे अर्धे काम झाले असे मी मानतो.

आता जेवणाच्या टेबलाकडे येऊ. अठराव्या शतकातल्या इंग्रजी घरात आज आपण समजतो तसे एकजिनसी, कायमचे मांडलेले लांब टेबल सर्रास नव्हते. टेबल तुकड्यांत असे : दोन टोकांचे अर्धगोल किंवा चौकोनी भाग आणि लागेल तसा मधला भाग. पाहुणे आले की जोडायचे, गेले की भाग भिंतीला लावायचे. याचा फार सुंदर पुरावा एका घरगुती पत्रात आहे. ८ नोव्हेंबर १८०० रोजी जेन ऑस्टेनने स्टिव्हन्टनहून बहिणीला, कॅसँड्राला, लिहायला घेतलेल्या पत्रात नवी टेबले घरी आल्याची बातमी आहे. दोन टोके एकत्र लावून रोजच्या वापराचे एक टेबल झाले आणि मधला भाग आरशाखाली छान बसला, असा तिने दिलेला तपशील. कादंबरीकाराची साक्ष म्हणून हे पत्र मोलाचे नाही. ते प्रकाशनासाठी लिहिलेले नव्हते आणि टेबलाविषयी काही सिद्ध करायचा तिचा हेतू नव्हता, म्हणून ते मोलाचे.

योगायोग असा की, त्याच १८०० साली रिचर्ड गिलोने जेवणाच्या टेबलाचे पेटंट घेतले. त्यात म्हटलेली सुधारणा थोडक्यात अशी : टेबलाखालच्या पायांची, खांबांची गर्दी कमी करायची आणि टेबल वाढवणे-आखडणे सोपे करायचे. चौकटीखाली एकात एक सरकणाऱ्या लाकडी पट्ट्या बसवल्या, की टोके ओढून टेबल लांबवता येते आणि मधल्या पोकळीत जोडफळ्या टाकता येतात. गिलोंच्या या टेबलाला ‘इंपीरियल’ असे भारदस्त नाव मिळाले. ऑस्टेनबाईंच्या घरातली टेबले जुन्या जोडकाम पद्धतीची आणि पेटंट नव्या पद्धतीचे, दोन्ही एकाच सालातली. म्हणून ‘सरकत्या पट्ट्या नाहीत, म्हणजे १८०० पूर्वीचे’ किंवा ‘तुकड्यांचे आहे, म्हणजे जुने’ असे सरळ सूत्र लावता येत नाही. नवी युक्ती निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या पद्धतीची टेबले बनायची थांबत नाहीत.

पेटंटने गिलोंना मक्तेदारी मिळाली, असेही नव्हे. लंडनमध्ये स्ट्रँडजवळच्या कॅथरीन स्ट्रीटवर मॉर्गन अँड सँडर्स हे दुकान होते. वाढणारे, मिटणारे, घडी होणारे फर्निचर ही त्यांची खासियत. ‘इंपीरियल’ हेच नाव तेही आपल्या जेवणाच्या टेबलांना लावत. त्यांच्या दुकानाच्या आतल्या दालनाचे चित्र ॲकरमनच्या मासिकात ऑगस्ट १८०९ मध्ये छापून आले. ईस्ट आणि वेस्ट इंडीजला जाणारे गिऱ्हाईक त्यांना हवेच होते, कारण जहाजाच्या खोलीत मावेल आणि उतरल्यावर पसरेल असा माल त्यांच्याकडे होता. पूर्वेकडे निघालेल्या इंग्रजाने लंडनमध्ये टेबल कुठून घेतले असेल, असा प्रश्न आला तर गिलोंइतकाच, कदाचित अधिक, संशय या दुकानावर घ्यावा लागेल. हा अंदाज आहे, पण बिनबुडाचा नाही.

पुढे १८३५ मध्ये रॉबर्ट ज्यूपने गोल टेबलाचे पेटंट घेतले. वरचा गोल फिरवला की त्याच्या त्रिकोणी फाका बाहेर सरकतात, मधल्या फटींत जोडफळ्या बसवायच्या, की गोल तसाच राहून मोठा होतो. न्यू बाँड स्ट्रीटच्या जॉनस्टोन, ज्यूप अँड कंपनीने ही टेबले बनवली आणि त्यांवर नाव व क्रमांक ठोकला. अशा टेबलाबाबत चौथे विधान, कारखान्याचे, तुलनेने निश्चिंतपणे करता येते. यंत्रणाच स्वतःची साक्ष देते.

उलट टोकाला आहे थॉमस चिपेंडेल. इंग्रजी फर्निचरमधले सर्वांत मोठे नाव हेच. १७५४ मध्ये त्याने आपला नमुन्यांचा ग्रंथ काढला, त्यात १६० चित्रफलक होते. १७६२च्या तिसऱ्या आवृत्तीत ते २०० झाले. त्यात खुर्च्या आहेत, भिंतीलगत ठेवायची वाढपाची टेबले आहेत, पलंग, कपाटे, आरशांच्या चौकटी आहेत. जेवणाचे टेबल नाही. इतक्या मोठ्या ग्रंथात ही जागा रिकामी का, याचे मला पटणारे उत्तर असे : टेबल चादरीखाली झाकले जाई, तुकड्यांत भिंतीला लागे, त्यात दाखवण्यासारखी नक्षी नसे. गिऱ्हाइकाला भुरळ घालायची तर खुर्चीची पाठ दाखवावी. चिपेंडेलने आपल्या मालावर शिक्काही मारला नाही. म्हणून त्याची म्हणून जी वस्तू मानली जाते, ती घराण्यांनी जपलेल्या बिलांवरून : नॉस्टेल, हेअरवुड, डम्फ्रीज हाउस. बिल नाही, तर चिपेंडेल नाही, फक्त ‘चिपेंडेल पद्धतीचे’. सिंगापूरच्या किंवा मुंबईच्या चिठ्ठीवर हे नाव वाचताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे.

दुसरे विधान लाकडाचे. इंग्लंडात महोगनी उगवत नाही. १७२१ मध्ये ब्रिटिश संसदेने अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली. कायद्यामागचा विचार आरमारी सामग्रीचा होता. जेवणाच्या टेबलांचा कोणी विचार केला नव्हता. फायदा मात्र महोगनीला झाला. १७४० मध्ये सुमारे ५२५ टन आयात होती, ती १७८८ मध्ये ३०,००० टनांवर गेली. रुंद, सरळ, कमी आक्रसणाऱ्या फळ्या मिळू लागल्या. टेबलाचा वरचा भाग एकाच अखंड फळीचा करण्याची सवय इंग्रज सुताराला या झाडाने लावली. रॉबर्ट गिलो स्वतः वेस्ट इंडीजच्या व्यापारात होता. जहाजांत त्याची भागीदारी होती, साखर आणि रम यांच्याबरोबर महोगनी येई. लँकेस्टर हे त्या काळी गुलामांच्या व्यापारातले इंग्लंडमधले चौथ्या क्रमांकाचे बंदर होते, ही नोंद त्याच पानावर हवी.

लाकूड तोडणीचा डोळ्यांदेखतचा वृत्तांत कॅप्टन जॉर्ज हेंडरसनने होंडुरासच्या उपसागरातील ब्रिटिश वसाहतीवर १८०९ मध्ये काढलेल्या पुस्तकात आहे. हा आजचा बेलिझ. तोडणीचे काम गुलामांच्या टोळ्या करत. टोळीतला एक जण झाडे शोधणारा, तो सगळ्यांत मोलाचा मानला जाई. ऑगस्टच्या सुरुवातीला महोगनीच्या पानांवर पिवळट-तांबूस छटा येते. हा माणूस जंगलातल्या उंचात उंच झाडावर चढून तेवढ्या रंगावरून दूरची महोगनी हेरायचा, दिशा मनात ठेवायचा आणि खाली उतरून टोळीला नेमका तिथे घेऊन जायचा. झाडाला जमिनीपासून दहा-बारा फुटांवर माचा बांधून कुऱ्हाड घालायची आणि पावसाळ्यात नद्या फुगल्या की ओंडके वाहवत समुद्राकडे सोडायचे. हेंडरसनचे वर्णन तपशीलवार आहे. पण तो वसाहतीत राहिलेला लष्करी अधिकारी होता आणि मालकांच्या नजरेने लिहीत होता. झाड हेरणाऱ्याच्या कौशल्याचे त्याला कौतुक आहे, कामाच्या सक्तीविषयी तो सैल लिहितो. आणि गिलोंच्या वहीत टेबल जोडणाऱ्याचे नाव असले, तरी ते झाड हेरणाऱ्याचे नाव कुठल्याच वहीत येत नाही. एकाच टेबलाचे दोन कारागीर. एकाला अंदाजवहीने वाचवले, दुसऱ्याला कोणीही नाही.

आता सिंगापूर. ईस्ट इंडिया कंपनीच्या रॅफल्सने ६ फेब्रुवारी १८१९ रोजी इथे ठाणे वसवण्याचा करार केला आणि थोड्याच वर्षांत इथे युरोपीय व्यापाऱ्यांची घरे उभी राहिली. जॉन टर्नबुल थॉमसन हा १८४०च्या दशकात इथला सरकारी सर्वेक्षक. १८६४च्या आठवणींच्या पुस्तकात त्याने व्यापाऱ्याच्या घरच्या भरगच्च जेवणाचे वर्णन केले आहे. स्ट्रेट्स टाइम्सचा संपादक जॉन कॅमेरॉन याने १८६५ मध्ये युरोपियांच्या घरांची मांडणी आणि टिफिन-डिनरची दिनचर्या नोंदवली. दोघांच्या लिखाणावरून एवढे निश्चित, की इंग्रजी पद्धतीचे मोठे जेवणाचे टेबल या घरांचा गाभा होते. ते लाकडी सामान कोणत्या गावचे, या प्रश्नाला प्रवासवर्णने उपयोगी पडत नाहीत. पाहुणा ताटाकडे बघतो, टेबलाखाली वाकत नाही.

त्याहून जवळची साक्ष लिलावाच्या जाहिरातींची. सिंगापूर क्रॉनिकल १८२४ पासून, फ्री प्रेस १८३५ पासून, स्ट्रेट्स टाइम्स १५ जुलै १८४५ पासून. या वृत्तपत्रांचा मोठा भाग राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर आणला आहे. मायदेशी निघालेला किंवा वारलेला साहेब, त्याच्या घरच्या सामानाचा लिलाव, त्यात जेवणाचे टेबल, खुर्च्या, साइडबोर्ड, काचसामान. जाहिरातीचा साचा ठरलेला. या साच्याचा एक अर्थ मला महत्त्वाचा वाटतो : टेबल साहेबाबरोबर परत जात नसे, ते गावातच दुसऱ्या घरी जाई. म्हणजे एखादे टेबल आज सिंगापुरात असेल, तर ते इथे पाच घरे फिरलेले असू शकते. पण जाहिरातदार ‘उत्तम जेवणाचे टेबल’ एवढेच छापतो, शिक्का वाचून दाखवत नाही. छापील ओळ आणि लाकडी टेबल यांची गाठ घालून देणारा दुवा अशा ओळींत क्वचितच असतो.

आणि मग एक कागद सगळा प्रश्नच उलटा करतो. १८४८ मध्ये जे. आर. लोगनच्या ‘जर्नल ऑफ द इंडियन आर्किपेलॅगो’ या नियतकालिकात स्याह यू चिन या तेओच्यू व्यापाऱ्याने सिंगापूरमधल्या चिन्यांची संख्या, जाती आणि धंदे यांचा आढावा लिहिला. एकूण सुमारे ४०,००० चिनी. त्यांत तेओच्यू १९,०००, होक्किएन ९,०००, मकाऊचे म्हणजे कँटनीज ६,०००, खेह म्हणजे हक्का ४,०००. प्रत्येक गटाखाली धंद्यांची यादी आहे आणि त्यात सुतारकामही आहे. आकडे गोल आहेत, ते मोजणीचे नसून जाणत्या माणसाच्या अंदाजाचे आहेत, हे आकड्यांच्या शून्यांवरून कळते. तरी मुद्दा ढळत नाही : केपला वळसा घालून चार-पाच महिन्यांनी टेबल मागवण्याऐवजी गावातच, चित्र किंवा नमुना दाखवून ते करून घेता येत होते. लू पान हा चिनी सुतारांचा आद्यगुरू, आपल्याकडे विश्वकर्मा असतो तसा. त्याच्या शिष्यांना इंग्रजी पायाची वळणे उतरवणे अवघड नव्हते. त्यांनी कागदी अंदाजवह्या मागे ठेवल्या नाहीत, म्हणून त्यांचे टेबल आज ‘इंग्लिश’ ठरण्याची शक्यता जास्त.

इथे लाकूडच बोलते करावे लागते. टेबल उलटे करा, निदान खाली झोपून विजेरी लावा. इंग्रज सुतार सहसा अखंड किंवा सरसाने जोडलेल्या फळ्यांचा माथा घेतो आणि खालून स्क्रूने चौकटीला आवळतो. चिनी पद्धतीत माथा पुष्कळदा चौकट आणि तिच्या खाचेत मोकळी बसवलेली फळी असा असतो. फळीच्या पाठीवर आडव्या पट्ट्या खोबणीत सरकवलेल्या असतात; लाकूड पावसाळ्यात फुगले, उन्हाळ्यात आक्रसले, तरी चौकट फुटत नाही. वरून पॉलिश सारखे, खालून दोन वेगळ्या शाळा. मग स्क्रू पाहावेत. १८५०च्या सुमारापूर्वीच्या स्क्रूचे टोक बोथट असते, अणकुचीदार टोकाचे यंत्राचे स्क्रू नंतरचे. करवतीच्या खुणा सरळ असतील तर हाताची करवत, कमानदार असतील तर गोल करवत, म्हणजे सहसा १८३० नंतरचे. पायांच्या पितळी चाकांवर ‘कोप अँड कॉलिन्सन’ असे नाव असेल, तर व्हिक्टोरियन काळ. पण चाके बदलता येतात, स्क्रूही. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये. तीन-चार खुणा एका बाजूला झुकल्या तरच बोलावे.

शिक्क्याचेही तसेच. गिलोंचा ‘गिलोज लँकेस्टर’ हा ठसा बहुधा ड्रॉवरच्या पुढच्या फळीच्या वरच्या कडेवर किंवा चौकटीवर, सहज न दिसणाऱ्या जागी असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नावाबरोबर ‘एल’ या अक्षराने सुरू होणारा क्रमांक दिसतो. त्यांच्या पुष्कळ वस्तूंवर ठसा नाहीच. म्हणजे ठसा नसणे काहीच सिद्ध करत नाही. ठसा असणे एवढेच सांगते की टेबल कुठे बनले. ते सिंगापूरला कधी आले, हे ठसा सांगत नाही. १८३०च्या गलबतातून व्यापाऱ्याच्या सामानात आलेले टेबल आणि इंग्लंडातल्या लिलावात विकत घेऊन १९९०च्या कंटेनरमधून आलेले टेबल, दोन्हींवर शिक्का सारखाच असतो. वसाहतकालीन सिंगापूरचा अवशेष म्हणून दुसऱ्याला मान द्यायचे कारण नाही.

या देवाणघेवाणीत सगळ्यांत मनोरंजक घर आहे पेरानाकान किंवा बाबा चिन्यांचे. मलाय मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या या कुटुंबांत लग्नकार्याच्या, सणावाराच्या मेजवानीला ‘तोक पांजांग’ म्हणतात : होक्किएनमधला तोक म्हणजे टेबल, मलायमधला पांजांग म्हणजे लांब. पाहुणे लांब टेबलाभोवती तुकडी-तुकडीने बसायचे, एक तुकडी उठली की दुसरी, आपल्याकडे लग्नात पंगती उठतात तसे. टेबल इंग्रजी वळणाचे, पदार्थ नोन्यांचे म्हणजे बाबा घरांतल्या बायकांचे, सुतार बहुधा चिनी, लाकूड बहुधा साग. नील रोडवरच्या १५७ क्रमांकाच्या बाबा हाउसमध्ये आणि आर्मेनियन स्ट्रीटवरच्या पेरानाकान संग्रहालयात युरोपीय घाटाची आणि चिनी घाटाची लाकडी सामाने शेजारी-शेजारी पाहता येतात. एका घरात पूर्वजांच्या पूजेचे टेबल एका परंपरेचे आणि जेवणाचे दुसऱ्या.

मराठी वाचकाला आणखी एक धागा जवळचा वाटेल. १८२५ ते १८७३ या काळात सिंगापूर ही हिंदुस्थानातल्या जन्मठेपेच्या कैद्यांची वसाहत होती आणि मुंबई इलाख्यातले कैदीही तिथे पाठवले गेले. तिथल्या तुरुंगाचा अधिकारी जे. एफ. ए. मॅकनेअर याने १८९९ मध्ये बेलिसबरोबर लिहिलेल्या पुस्तकात कैद्यांच्या धंदेशिक्षणाचे सविस्तर वर्णन आहे : सुतार, लोहार, गवंडी, वीटकाम करणारे. सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल याच हातांनी उभे राहिले. १८६७ ते १८६९ मध्ये बांधलेले गव्हर्नमेंट हाउस, म्हणजे आजचे इस्ताना, तेही. मॅकनेअर आपल्या व्यवस्थेचा अभिमानी होता. त्याचे पुस्तक वाचताना तो आपली कारकीर्द मांडतो आहे, हे विसरू नये. पण बांधकामाच्या नोंदींत त्याला खोटे बोलायचे कारण नव्हते. ज्या वास्तूत वसाहतीचा गव्हर्नर इंग्रजी टेबलाशी बसून जेवला, तिच्या भिंती रत्नागिरी-ठाण्याकडच्या एखाद्या कैद्याने उचललेल्या असू शकतात. हे शक्यतेच्या रकान्यातच लिहावे.

सिंगापूरच्या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध टेबल मात्र महोगनीचे नाही आणि जेवणाचेही नाही. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी बुकित तिमाहच्या फोर्ड कारखान्यात ब्रिटिश जनरल पर्सिव्हल जपानी जनरल यामाशिताच्या समोर बसला आणि शरणागतीवर सही झाली, ते टेबल सागवानी. मूळ टेबल कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन युद्धस्मारकात आहे, सिंगापूरच्या जुन्या फोर्ड कारखान्यात त्याची प्रतिकृती. एवढ्या गाजलेल्या टेबलाभोवती कोण कोण बसले, हे सगळे विचारतात. सुताराचे नाव कोणी विचारत नाही.

लाकडाच्या नावाचा घोळ आजही संपलेला नाही. बाजारात ‘फिलिपिन्स महोगनी’ म्हणून जे विकले जाते, ते लाऊआन, म्हणजे मलायातल्या मेरांतीच्या कुळातले झाड. महोगनीशी त्याचे नाते नाही. खरी महोगनी मात्र आशियात आलेली आहे. १७९५ मध्ये जमैकाहून ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात लावली गेली आणि रुंद पानांची होंडुरास जात आज सिंगापूरच्या कित्येक रस्त्यांवर सावलीसाठी उभी आहे. या जातीच्या व्यापारावर २००३ पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. नव्या लाकडाची वाट अवघड झाली, की जुन्या टेबलांचे भाव आणि जुन्या टेबलांवरचे दावे, दोन्ही वाढतात.

सगळे पुरावे तोलून माझा निर्णय असा : सिंगापुरातल्या जुन्या लांब टेबलांपैकी ज्यांची इथली वंशावळ सांगता येते, त्यांना प्रथम स्थानिक कारागिराचे मानावे, इंग्लिश नव्हे, आणि ज्यांवर इंग्रजी शिक्का खरा आहे, त्यांना इथले मानण्याआधी येण्याचा कागद मागावा. दोन्ही बाबतींत सिद्ध करण्याचा भार चिठ्ठी लिहिणाऱ्यावर.

सिंगापुरात आता मराठी घरेही पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही जण डेम्प्सीवरून टेबल घरी आणतात. त्यांना विनंती एवढीच : बिल जपून ठेवा, विकणाऱ्याने टेबल कुठून आणले ते त्याच्याकडून लिहून घ्या, टेबलाच्या पोटाचे, स्क्रूंचे, चाकांचे आणि असेल तर ठशाचे फोटो काढून त्या बिलाला जोडा. दुरुस्ती केली तर काय बदलले, कोणत्या साली, कोणत्या सुताराने, हेही त्याच कागदावर त्याच्या नावासह लिहा.